एक पाचर कमी

तळमजल्याचा फ्लॅट, कांजूरमार्ग पूर्व.
खिडकीबाहेर क्लबहाउस, त्यामागे खाजण.
स्लॅब बघितलात तर ठणठणीत कोरडा,
हात फिरवला की तळव्याला पांढरी धूळ.
आर्किटेक्ट म्हणाले, म्हात्रे, ओतून तीन वर्षं झाली,
आता कसली ओल?

मी काही बोललो नाही.
हातभर प्लास्टिक कापलं, चारी कडांना टेप मारली,
आत ठेवलं माझ्या आईचं यंत्र: बशीत मूठभर खडेमीठ.
सकाळी प्लास्टिकच्या पोटाला घाम
आणि मीठ बशीतच विरघळलेलं.

आई इथेच मीठ ओढायची.
इथेच म्हणजे अगदी या हॉलमध्ये असं नाही,
कुठली कोंडी कुठे होती ते आता कोण सांगणार,
भराव पडला तेव्हा बांधसुद्धा खाली गेले.
पण तिच्या टाचांच्या भेगा मला पाठ आहेत.
आणि वर माती टाकली म्हणून पाणी जागा सोडत नाही,
खालून वर बघत बसतं.

लाकूड आलं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात.
ओक, थंड मुलखातलं.
गठ्ठे सोडले, मधे पट्ट्या घालून हॉलमध्येच रचले
आणि सांगितलं, पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही.
अन्विताबाई कर्णिक कॅलेंडर घेऊनच आल्या,
दसऱ्याचा गृहप्रवेश ठरलेला.
म्हटलं, बाई, नवी सून आली की
पहिल्याच दिवशी तिला कामाला जुंपतो का आपण?
(जुंपतो. ते मला नंतर आठवलं.)

रोज मीटरच्या सुया टोचायच्या,
दोन फळ्या कडेच्या, एक मधली.
आठ. साडेनऊ. अकरा.
मग चार दिवस अकराच.
बाहेरची हवा न वाळलेल्या बनियनसारखी,
आणि लाकूड ती घोट घोट पीत होतं,
परक्या घरी चहा पिणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग इपॉक्सीचे दोन हात, त्यावर प्लाय,
त्यावर फळी, फळीच्या खाचेत पुढची फळी.
सुबल ठोकताना खालचा ओठ चावतो,
चार वर्षं सांगतोय, सुटत नाही.
भिंतीपाशी मात्र चहूकडून बोटभर फट.
तिथे पाचरा अडकवायच्या, काम हलू नये म्हणून,
आणि शेवटी आठवणीने काढायच्या.

फट बघून बाईंचे सासरे आले, काठीने दाखवत:
एवढी जागा वाया? फुटाचा भाव माहीत आहे का?
म्हटलं, नाना, पावसाळ्यात लाकूड फुगतं.
पसरायला जागा नाही मिळाली
तर मधूनच उठून उभं राहतं.
नाना मुलाच्या बंद खोलीकडे बघत राहिले.
पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

स्कर्टिंग बसलं. फट झाकली गेली.
बाईंनी केशर घालून दूध दिलं,
अनवाणी चालून दाखवलं या टोकापासून त्या टोकापर्यंत.
भांडुपला घरी येऊन मी खिसे रिकामे केले.
चाळीस पाचरा नेल्या होत्या.
एकोणचाळीस.
पिशवी झटकली, डबा उघडला, बूटसुद्धा उलटे केले.
सुबल फोनवर म्हणाला, माझ्याकडे एकही नाही.

पाचर कशी मारतात ते आम्हाला नवं नाही,
आमच्या सातबाऱ्यात मारलेली अजून निघायची आहे.
पण ही माझ्या हातची.

आता हवा कोरडी होईल, लाकूड आकसेल.
दिवाळी जाईल, संक्रांत जाईल, कुणाला काही कळणार नाही.
कळेल ते जूनच्या शेवटी,
बहुतेक पूर्वेच्या भिंतीला, खाजणाच्या बाजूला,
जेव्हा एक फळी सवयीने पसरायला जाईल
आणि तिला काहीतरी टोचेल.

उद्या जायचं तर स्कर्टिंग उचकटावं लागेल,
म्हणजे बाईंना सांगावं लागेल.
वहीत लिहिलं: पूर्व भिंत, एक.
मग खोडलं.
मग खाली पुन्हा लिहिलं.